रफमधला जीव फायनलमध्ये कुठे जातो?

पत्र, थोडक्यात आणि ओळख काढून:

मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यातली २५ वर्षांची एक वाचक लिहिते. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका झालीय. घरी गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, लहानपणापासून वडिलांच्या हाताखाली रंग लावलेत. यंदा पहिल्यांदाच मुलांच्या पुस्तकाचं काम मिळालं. ३२ पानं, रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने जाळं ओढायच्या मासेमारीला, जाणाऱ्या आजोबांची आणि नातीची गोष्ट. किनाऱ्यावर बसून बॉलपेनने काढलेलं स्केच पाहून संपादकबाई खूश झाल्या, आगाऊ रक्कमही आली. पण जलरंगात पूर्ण केलेलं पहिलं चित्र पाठवलं तेव्हा उत्तर आलं, ‘सुबक आहे, पण स्केचमधली मजा गेली.’ तिने तेच चित्र आणखी चारदा काढलं आणि दरवेळी ते जास्तच निर्जीव झालं. वडील म्हणाले, ‘ताच चित्र कितीदा काढतलंस गो?’ ते स्वतः मूर्तीचे डोळे पेन्सिल न लावता एका दमात आखतात. मोबाइलवर दिसणारे चित्रकारही थेट शाईनेच काढतात. आपल्या हातात ते नाही, असं तिला वाटू लागलंय. काम सोडून पैसे परत करावेत का? टॅबलेट घेतला तर जमेल का? कच्ची स्केचेस संपादकांना दाखवायची असतात की लपवायची? सोबत दोन्ही चित्रांचे फोटो आहेत.

तुला ‘तू’च म्हणते. वयाने मोठी आहे, आणि तू पाच कागद वाया घालवलेस तसे मी पाचशे तरी घालवलेत.

पैसे परत करू नकोस. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

आता तुझे फोटो. दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. वहीतल्या चित्रात दोर म्हणजे एकच रेघ आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली, मध्ये पेन कुठे उचललेलं नाही. माणसं मागे कललीत, टाचा वाळूत रुतल्यात. तोंडं तू काढलीच नाहीस. शेवटचा माणूस अर्धा कागदाबाहेर गेलाय, त्यामुळे त्याच्यामागे अजून दहाजण असतील असं वाटतं. जलरंगात मात्र दोराचा पीळ न् पीळ दिसतो. इतका दिसतो की तो ताणलेला वाटतच नाही, गोठ्यातल्या दाव्यासारखा लोंबतो. सहाही जणांना नाकडोळे आलेत, आणि ते नीट दिसावेत म्हणून तू सगळ्यांना सरळ उभं केलंस. शेवटच्या माणसालाही ओढून आत घेतलंस. आता रापण कुणीच ओढत नाही. दोर हातात धरून सगळे फोटोला उभे आहेत.

यात हात कुठे कमी पडलाय? शरीरं प्रमाणात आहेत, पाण्याचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, सपाट आणि स्वच्छ आहे. गेलं ते एवढंच, की हे चित्र कशाचं आहे ते तू विसरलीस. वहीत तू ‘ओढणं’ काढलं होतंस, कागदावर ‘माणसं’ काढलीस.

असं का झालं ते तुझ्याच पत्रात आहे. तू लिहितेस, ‘स्केच फेअर करायला बसले की हात आखडतो.’ फेअर! शाळेत आपल्याला दोन वह्या असायच्या, कच्ची आणि पक्की. कच्चीत खाडाखोड चालायची, मग तेच सुवाच्य अक्षरात पक्कीत उतरवायचं. चित्राचंही तसंच असतं हे तू धरून चाललीस. पण कच्च्या वहीतलं गणित पक्कीत उतरवताना कुणी विचार करत नाही, फक्त चूक होऊ नये एवढं बघतो. फायनल चित्र त्या मनाने काढलं की ते असंच होतं. रफमधल्या रेघेवरून दुसरी रेघ नेताना डोळा रेघेवर असतो, दोरावर नसतो.

बाबांच्या डोळ्यांच्या आखणीबद्दलही बोलायला हवं, कारण तू स्वतःला मोजतेस ते त्या आखणीशी. ते डोळे एका दमात आखतात हे खरं. पण आधी काय काय झालेलं असतं? माती मळली, अंग घडलं, हात-सोंड जोडली, मूर्ती सुकली, पॉलिश पेपरने घासली, पांढरा हात दिला, अंगाचा रंग, पितांबर, शेला, दागिने. डोळे सगळ्यांत शेवटी. तोवर मूर्तीचं बाकी सगळं ठरून गेलेलं असतं, कुंचल्याला फक्त डोळा उरलेला असतो. शिवाय तोच डोळा ते दरवर्षी शाळेतल्या प्रत्येक मूर्तीवर आखतात. म्हणजे आजवर किती वेळा काढून झाला, ते त्यांनाच विचार. ‘ताच चित्र कितीदा’ म्हणणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारायला मजा येईल. मोबाइलवरच्या मंडळींचंही तेच. कॅमेरा सुरू होण्याआधीची वही आपल्याला दिसत नाही.

आणि तुमच्या शाळेतली आणखी एक गोष्ट. गिऱ्हाईक आपला पाट आधी आणून देतं ना? मूर्ती त्या पाटावर घडते. आधी गणपती करून मग त्याला पाट शोधत कुणी फिरत नाही. तू मात्र तेच केलंस. वहीचं पान उभं होतं, पुस्तकाचं दुपानी चित्र आडवं आहे. रुंदी भरून काढायची म्हणून दोन माणसं वाढवलीस, दोर लांबवला आणि ताण तिथेच गेला. पुस्तकाचं नेमकं माप, मधली शिवण कुठे येणार, मजकुराला किती जागा सोडायची, हे संपादकांकडून लेखी मागव. आणि कागद कापताना कडेला बाहेर जाणारा ३ मिलिमीटरचा ब्लीड धरूनच चौकट आख. शिवणीवर कुणाचं तोंड आलं तर ते छापून आल्यावर कळतं, तेव्हा उपयोग नसतो.

मग त्याच प्रमाणात काडेपेटीएवढ्या चौकटी आख. एका चित्रासाठी दहा-बारा. याला सगळे थंबनेल म्हणतात. पेन जाड घे, म्हणजे नाकडोळे काढण्याचा मोह होणारच नाही. एकीत दोर समोरून, एकीत समुद्रातून किनाऱ्याकडे पाहताना, एकीत फक्त पाय. पहिल्या तीन-चार चौकटींत आपण तेच काढतो जे आजवर इतरांच्या चित्रांत पाहिलंय: नारळ, मावळता सूर्य, होडी. ते निघून जाऊ दे. सहावी-सातवी चौकट तुझी असते. नातीच्या उंचीवरून पाहिलंस तर? तिच्या डोळ्यांसमोर काय येतं? माणसांच्या पोटऱ्या, ओले गुडघे आणि दोर तिच्या डोक्यावरून. गोष्ट तिची आहे म्हणतेस, मग रापण तिला जशी दिसते तशी का काढत नाहीस?

हे एका चित्राचं झालं. तुला बत्तीस पानांचं पुस्तक करायचंय. छपाईचा मोठा कागद घडी घालून १६ पानांचा एक फॉर्म होतो, अशा दोन फॉर्मांची ३२ पानं. आतलं मुखपृष्ठ, श्रेयनामाचं पान वगैरे वजा केलं की गोष्टीला बारा-चौदा दुपानी चित्रं उरतात. तू पहिलं चित्र रंगवून पूर्ण केलंस आणि बाकीच्यांची साधी चौकटही आखलेली नाही. ही तुझी खरी चूक, आणि ही मी प्रत्येक नवीन माणसाला करताना पाहिली आहे. कुडाळजवळचं पिंगुळी तुला लांब नाही. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी बघून ये. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीत सुटं चित्र कुणी बघत नाही. गाता गाता एकामागून एक पान पुढे येतं. या पानावरचा माणूस कुठे बघतोय त्यावर पुढचं पान उभं असतं. तुझी चौदा थंबनेल्स एका लांब कागदावर ओळीने चिकटव आणि लांबून बघ. सगळीकडे माणसं त्याच आकाराची, सगळीकडे क्षितिज मधोमध, असं दिसलं तर ते आत्ता पेन्सिलीने बदलता येतं.

थंबनेल ठरलं की पुन्हा किनाऱ्यावर जा. पहिल्यांदा गेलीस ती सहज, आता प्रश्न घेऊन जा. मागे कललेल्या माणसाचा कोणता पाय पुढे असतो? दोर काखेतून जातो की कमरेवरून? जाळं जवळ आलं की हात बदलतात का? मोबाइलने फोटो काढ, पण त्यावर फार विसंबू नकोस. जवळून काढलेल्या फोटोत पुढचा हात पंख्याएवढा आणि मागची माणसं मुंग्यांएवढी होतात. ते जसंच्या तसं उतरवलं की चित्र बघणाऱ्याला काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. आणि हो, समुद्र निळा काढायलाच हवा असं नाही. आपल्याकडची अर्धी पुस्तकं निळ्या समुद्राची आहेत, आणि पावसाळा संपता संपता किनाऱ्याजवळचं पाणी कसलं असतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता तुझा तिसरा प्रश्न, रफ दाखवायचं की लपवायचं. दाखवायचं, आणि आग्रहाने दाखवायचं. माझीच गोष्ट सांगते. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी कथाचित्र होतं. कथा घाईत वाचली, रफ पाठवायचं टाळलं, म्हटलं एकदम फायनल देऊन चकित करू. नायिका रंगवली, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, पदराच्या चुण्या तर अशा की बघत राहावं. ती कथेच्या दुसऱ्याच पानावर विधवा होते आणि माझं चित्र सहाव्या पानावरच्या प्रसंगाचं होतं! संपादकांनी फोनवर फार शांतपणे विचारलं, ‘कथा वाचलीत का?’ रात्रभर जागून पुन्हा काढलं. रफ पाठवलं असतं तर खोडरबराचं काम होतं. रफ म्हणजे आपली अब्रू उघडी पडली असं वाटतं, पण बदल सुचवणं संपादकालाही रफमध्येच सोपं जातं. फायनलमध्ये त्यांना ‘मजा गेली’ एवढंच म्हणता येतं, कारण नेमकं काय हलवायचं ते रंगाखाली बुजलेलं असतं.

तर पुस्तकाच्या मापाचं रफ ट्रेसिंगवर किंवा साध्या पातळ कागदावर काढ. ते मंजूर झालं की रंगाला हात लावण्याआधी अर्धा तास दोन छोट्या चित्रांना दे. एक फक्त पेन्सिलीचं, तीनच छटा: पांढरी, मधली, काळी. सगळ्यांत गडद आणि सगळ्यांत उजळ जिथे भेटतात तिथे डोळा जातो. तुझ्या फायनलमध्ये ती जागा मागच्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, आली आहे, तुला ती नातीवर हवी होती. दुसरं चित्र पोस्टकार्डाएवढं, रंगांचं. जांभ्याचा लाल, पाण्याचा मातकट हिरवा आणि एखादाच उजळ रंग, तिचा फ्रॉक म्हण. मुलांचं पुस्तक म्हणजे सगळे रंग असं काही नसतं.

आणि आता ती जागा, जिथे चित्र मरतं. रफ मोठ्या कागदावर उतरवायची वेळ.

लाइटबॉक्स नसला तर खिडकीची काच चालते. रफच्या मागे पेन्सिल घासून कार्बनसारखं वापरलं तरी चालतं. उतरवायचं कसं यापेक्षा किती उतरवायचं हे महत्त्वाचं. बाह्यरेघ अखंड उतरवू नकोस. खुणा उतरव. डोक्याची जागा, खांद्याचा कल, टाच कुठे रुतली, दोराची दोन टोकं. बस. मग रफ समोर भिंतीवर लाव, पण हाताखाली ठेवू नकोस, आणि खुणांच्या मधलं सगळं नव्याने काढ. दोर एका फटक्यात. तो बिघडेल. म्हणून आधी जुन्या कागदांवर वीस वेळा तोच फटका मार. बाबांच्या डोळ्यासारखा. हात खांद्यापासून फिरू दे, मनगट टेकवून काढलेल्या रेघेत ताण येत नाही. तुझ्या फोटोतला दोर मनगटाचा आहे हे इथून कळतं.

एक सवय मला फार उशिरा लागली: एकाच वेळी दोन कागदांवर तेच फायनल सुरू करायचं. एक बिघडला तर दुसरा आहे, एवढ्यानेच भीती जाते आणि बहुतेक वेळा पहिलाच चांगला होतो. कागदाचा खर्च दुप्पट होतो हे कबूल. तुझा पाचपट झालाच आहे.

ब्रश वाटतो त्याहून एक नंबर मोठा घे. आणि सुरुवात अवघड जागेपासून कर. आपण आभाळ, वाळू असं सोपं आधी रंगवतो, मग नातीच्या चेहऱ्याशी येईपर्यंत चार तास गेलेले असतात. एवढी मेहनत वाया जाईल म्हणून हात कापतो. चेहरा आधी केलास आणि बिघडला, तर दहा मिनिटंच गेली.

दमटपणाचं दोन शब्दांत सांगते, कारण शहरातल्या माणसांच्या सल्ल्यात तो नसतो. जलरंगाच्या कागदाला सायझिंगचा थर असतो, त्यामुळे रंग वर राहतो. आपल्या हवेत कागद उघडा पडला की तो थर खराब होतो, मग रंग टिपकागदावर पडल्यासारखा शोषला जातो, डाग येतात. कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आडवा ठेव. पावसाळ्यात एक वॉश वाळायला दुप्पट वेळ लागतो. तू वाळण्याआधीच दुसरा दिलास, म्हणून आभाळ चिखलासारखं झालंय. ओल्या मूर्तीवर बाबा रंग चढवतात का? ३०० जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) पातळ कागद असेल तर आधी भिजवून, चारही बाजूंनी गमटेपने बोर्डावर ताणून घे.

टॅबलेटबद्दल: घेशील तेव्हा घे, या कामासाठी नको. त्यावर चूक पुसणं सोपं असतं, आणि तुला आत्ता पुसण्याचाच रोग झालाय. चित्र बोटांनी मोठं करून तू पापण्या काढत बसशील आणि पूर्ण चित्र तासभर दिसणारच नाही. रंगांचे प्रयोग करायला आणि संपादकांचे बदल पटकन करायला तो उत्तम, मीही वापरते. फक्त फाइल छपाईच्या मापाला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ठेवायची, आणि पडद्यावरचे झगमगीत रंग सीएमवायके, म्हणजे चार शायांच्या छपाईत तसे येत नाहीत हे धरून चालायचं.

आता संपादकबाईंना काय लिहायचं. माफी मागू नकोस. असं काहीसं लिही: ‘तुमचं म्हणणं पटलं. रंगवायची घाई केली. पुढच्या पंधरा दिवसांत सगळ्या पुस्तकाची थंबनेल्स आणि तीन दुपानी चित्रांची पूर्ण मापाची रफ पाठवते. ती मंजूर झाली की त्यातल्याच एकाचं फायनल करून दाखवते, मग बाकीची. रफमध्ये दोनदा बदल करून देईन. फायनलनंतरच्या बदलांचं वेगळं ठरवू.’ कोणताही जाणता संपादक हे वाचून निःश्वास सोडेल. ‘मजा गेली’ असं स्पष्ट सांगणारी बाई तुला मिळाली आहे. नुसतं ‘छान’ म्हणून पुढचं काम दुसऱ्याला देणारे जास्त असतात.

त्याच पत्रात कराराचंही विचार, कारण तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून रंगवलेल्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा ठरतो. म्हणून लिहून घे: हक्क कशाचे, कोणत्या भाषेतल्या आवृत्तीचे, किती वर्षांचे. हक्क तू लेखी दिलेस आणि मुदत लिहिली नाहीस तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. मूळ चित्रं तुझ्याकडे परत येतील हेही एका ओळीत लिहून घे. पैसे टप्प्याटप्प्याने माग, थोडे आगाऊ, थोडे रफ मंजूर झाल्यावर, उरलेले फायनलला. रफ ही मेहनत आहे हे त्यामुळे त्यांच्याही हिशेबात येतं.

ती पाचही चित्रं फाडू नकोस. मागची बाजू कोरी आहे, दोराच्या फटक्यांना उपयोगी पडतील. किनाऱ्यावर जाशील तेव्हा जाड पेन आणि छोटी वही, एवढंच ने. रंग घरी राहू देत. आणि त्या शेवटच्या माणसाला पुन्हा अर्धा कागदाबाहेर जाऊ दे.